टीबीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, पण पहिली गोळी पोटात जायला आठवडे का लागतात?

प्रश्न – सीएचओ_अक्राणी

नमस्कार मंडळी. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव भागात उपकेंद्रात सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) आहे. आमच्याकडून संशयित रुग्णाचा बेडका तालुक्याला जातो, मशीनवर लागतो, निकाल निक्षयवर (टीबी रुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीवर) दिसतो. इथपर्यंत ठीक चालतं. अडतं ते पुढे. निकाल पॉझिटिव्ह आल्यावर रुग्णाच्या हातात गोळ्या पडायला कधी चार दिवस जातात, कधी तीन आठवडे, आणि काही नावं तर 'निदान झाले, उपचार सुरू नाही' या यादीतून हलतच नाहीत. कोणी ऊसतोडीला गेलेला असतो, कोणाचा फोन लागत नाही, कोणी पाड्यात कळेल म्हणून समोर येत नाही. एचआयव्ही आणि शुगरचा रिपोर्ट बाकी आहे म्हणून गोळ्या थांबवल्या, असंही होतं.

मला तीन गोष्टी नेमक्या हव्या आहेत. हे दिवस कुठे वाया जातात ते शोधायचं कसं? कोणत्या तपासणीसाठी थांबायचं आणि कोणत्या नाही? आणि दारू पिणाऱ्याला गोळ्या लगेच द्यायच्या की आधी दारू सोडवायची? यावर प्रत्येक जण वेगळं सांगतो.

उत्तर – एसटीएस_तापीकाठ

ताई, एक साधी वही घाला. प्रत्येक रुग्णापुढे चार तारखा लिहा: बेडका घेतला ती, निकाल लागला ती, रुग्णाला समक्ष सांगितलं ती, आणि पहिला डोस आपल्यासमोर घेतला ती. महिनाभरात फट कुठे आहे ते आपोआप दिसतं. आपण सगळे 'निदान ते उपचार' एवढंच मोजतो, आणि निदानाची तारीख म्हणजे मशीनवर निकाल लागला तो दिवस. नमुना त्याआधी चार दिवस फ्रिजमध्ये पडून राहिला असेल तर ते कोणत्याच आकड्यात येत नाही. घरातली लहान पोरं मात्र ते चार दिवसही त्याच खोकल्यात झोपलेली असतात.

वही घातल्यावर बऱ्याचदा दुसऱ्या आणि तिसऱ्या तारखेतलं अंतर मोठं निघतं. निकाल लागलेला असतो, निक्षयवर चढलेला असतो, ग्रुपवर मेसेजही पडलेला असतो. पण आशा, एमपीडब्ल्यू (गावोगाव फिरणारा आरोग्यसेवक), सीएचओ आणि एसटीएस (तालुक्याचा टीबी पर्यवेक्षक) अशा चौघांना एकच मेसेज गेला की प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्याने सांगितलं असेल. म्हणून सांगणारा माणूस एकच ठेवा आणि बेडका घेतानाच त्याचं नाव नमुन्याच्या फॉर्मवर लिहून टाका. त्याने निकालाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत 'भेट झाली' किंवा 'भेट झाली नाही, कारण अमुक' एवढं कळवायचं. 'फोन केला' याला भेट धरायचं नाही.

दुसरी गोष्ट मी सगळ्यात महत्त्वाची मानतो. उपचार सुरू होणार की नाही, हे बेडका घेतला त्याच दिवशी ठरतं. तेव्हा माणूस तुमच्यासमोर बसलेला असतो. तो एकदा उठून गेला की शोधायचं काम सुरू होतं. तेव्हाच हे सगळं लिहून घ्या:

गावाचं नाव पुरत नाही, पाड्याचं लिहा. सातपुड्यात एका गावाचे आठ-दहा पाडे दोन डोंगरांवर पसरलेले असतात. वडिलांचं किंवा नवऱ्याचं पूर्ण नाव लिहा, कारण एकाच पाड्यात एकाच नावाचे तिघे निघतात. खूण लिहा: हातपंप, अंगणवाडी, मोठं महूचं झाड, काहीही. फोन नंबर तीन घ्या: स्वतःचा, घरी राहणाऱ्या माणसाचा, आणि पाड्यातल्या ज्याच्या फोनला रेंज असते त्याचा. तिसऱ्याला फोन करून 'टीबी' शब्द उच्चारायचा नाही, फक्त 'अमक्याला उपकेंद्रात बोलावलंय' एवढंच. तिथेच नंबर लावून बघा. सांगितलेला नंबर आणि लागणारा नंबर यात फरक असतो.

आणि त्याला तिथेच विचारा: 'परवा निकाल येईल. आजार निघाला तर गोळ्या फुकट मिळतात, आम्हीच आणून देतो. कुठे भेटू? घरी आलेलं चालेल का?' काही जणांना घरी नको असतं, शेतात किंवा बाजाराच्या दिवशी बाजारात चालतं. ते त्याच्या तोंडून येऊ द्या. पाड्यात कळेल या भीतीने समोर न येणारे पुष्कळ जण एवढ्यानेच भेटतात, कारण जागा त्यांनीच ठरवलेली असते.

भेटायला जाताना गोळ्या पिशवीत असल्या पाहिजेत. नुसतं सांगून 'उद्या पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्राला) या' म्हटलं की एक मजुरी बुडते, एक गाडीभाडं जातं आणि तो उद्या महिनाभर येत नाही. उपकेंद्रात फोर एफडीसीच्या (टीबीची चार औषधं एकाच गोळीत) तीन-चार पट्ट्या कायम ठेवायला मेडिकल ऑफिसरांची लेखी परवानगी घेऊन ठेवा. भेट, समजावणं आणि पहिला डोस एकाच बैठकीत.

भाषेचंही बघा. इकडे तापीकाठी अहिराणीत सांगितलं की माणूस सैल होतो: 'घाबरू नको भाऊ, सा महिना गोया खाय, बरा हुई जाशी.' तुमच्याकडे पावरी बोलणारी आशाच सोबत हवी. मराठीतलं भाषण तो मान हलवत ऐकतो आणि सांजेला भगताकडे जातो. भगताशी भांडू नका. त्यालाच सांगा की दोन आठवड्यांच्या वर खोकला असलेला माणूस आला तर आधी आमच्याकडे पाठव, मग तुझं तू कर.

उत्तर – लॅब_शिरपूर

मी फक्त नमुन्याबद्दल लिहितो, कारण आठवडाभराची गळती इथेच होते.

थुंकी आणि बेडका यात फरक आहे. पातळ, फेसाळ पाणी आलं तर ती तोंडातली लाळ. साध्या पाण्याने खळखळून चूळ, मग उघड्यावर उभं राहून दोन-तीन वेळा खोल श्वास, आणि तिसऱ्या श्वासाला पोटातून खोकला. दाट, पिवळसर किंवा पांढरट, निदान 2 मिली हवा, 5 मिली मिळाला तर उत्तम. एक नमुना तिथल्या तिथे, दुसरा सकाळी उठल्या उठल्या, तंबाखू-मिस्रीच्या आधी. नाव आणि आयडी नळीच्या अंगावर लिहा, झाकणावर नको. झाकणं उघडली की एकमेकांत जातात आणि मग दोन रुग्णांचे निकाल अडकतात. झाकण घट्ट फिरवून नळी उलटी करून बघा. गळलेला नमुना परत जातो आणि त्या रुग्णाचा आठवडा गेला. नमुने थंड डब्यात पाठवा. साठवून आठवड्यातून एकदा पाठवायची सवय मोडा.

सीबीनॅट आणि ट्रूनॅट ही बेडक्यातला टीबी शोधणारी दोन मशीनं. सीबीनॅटचा निकाल साधारण दोन तासांत येतो आणि रिफॅम्पिसिन (टीबीचं मुख्य औषध) त्या जंतूवर चालेल की नाही, तेही त्यातच कळतं. ट्रूनॅटमध्ये ते दोन टप्प्यांत आहे: आधी टीबीची चिप, ती पॉझिटिव्ह आली की त्याच काढलेल्या डीएनएवर रिफची वेगळी चिप, प्रत्येकी साधारण तासभर. दुसरी चिप 'उद्या लावू' म्हणून राहिली तर निकाल अर्धाच राहतो. तेव्हा विचारताना 'पॉझिटिव्ह आहे का' एवढं विचारू नका, 'रिफ काय आलं' ते विचारा. एरर किंवा इन्व्हॅलिड आलं तर तो निगेटिव्ह नाही, नमुना पुन्हा हवा. हे त्याच दिवशी कळवणं लॅबचं काम आहे आणि त्यात आमच्याकडून कमी पडतं, हे मान्य करतो.

उत्तर – एमओ_साक्री

तपासण्यांबद्दल स्पष्ट लिहितो, कारण 'रिपोर्ट बाकी' या दोन शब्दांवर खूप रुग्ण लटकलेले असतात.

रिफॅम्पिसिनला प्रतिकार नाही असा निकाल हातात आला की गोळ्या त्याच दिवशी. एचआयव्ही आणि शुगर दोन्ही बोट टोचून उपकेंद्रातच होतात, त्याच बैठकीत करा. किट संपलं असेल तर गोळ्या सुरू करा, तपासणी त्याच आठवड्यात उरका. एचआयव्ही निघाला तरी क्रम बदलत नाही: आधी टीबीची औषधं, मग साधारण दोन आठवड्यांत एआरटी (एचआयव्हीची औषधं). मेंदूच्या टीबीत तेवढं वेगळं आहे, तिथे वरच्या डॉक्टरांचं ऐका. एलपीए या तपासणीचा नमुना आयसोनियाझिडचा (टीबीचं दुसरं मुख्य औषध) प्रतिकार बघायला मोठ्या लॅबला जातो आणि निकालाला वेळ लागतो. त्यासाठी एक दिवसही थांबायचं नाही. प्रतिकार निघालाच तर औषधं तेव्हा बदलता येतात. गरोदर किंवा अंगावर पाजणारी बाई आहे म्हणून थांबवणं तर सरळ चूक आहे. ही चारही औषधं तिला चालतात, अंगावर पाजणंही चालू ठेवायचं. फक्त माला-एनसारख्या संततिनियमनाच्या गोळ्यांवर असलेल्या बाईला दुसरं साधन सांगा. रिफॅम्पिसिनमुळे त्या गोळ्यांचा परिणाम कमी होतो.

लिव्हरची तपासणी सगळ्यांना आधी लागत नाही. रोज पिणारा, आधी कावीळ झालेला, किंवा डोळे पिवळे दिसतात असा रुग्ण असेल तर लागते. नंदुरबारकडे इथे एक खाचखळगा आहे. सिकलसेलच्या (रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या) रुग्णाचे डोळे बऱ्याचदा आधीपासूनच पिवळसर असतात. ते नोंदलं नसेल तर महिन्याने कोणीतरी 'गोळ्यांनी कावीळ केली' म्हणून औषध बंद करतं. अशा रुग्णाचं बिलिरुबिन (कावीळ दाखवणारी रक्ततपासणी) आणि एसजीपीटी (लिव्हरची रक्ततपासणी) सुरुवातीलाच कार्डावर लिहा. त्याचं बिलिरुबिन वाढलेलं असू शकतं, पण एसजीपीटीवरून लिव्हरचं कळतं.

डोस वजनावर, अंदाजावर नाही. चपला काढून काट्यावर उभं करा. 25 ते 34 किलोला रोज 2 गोळ्या, 35 ते 49 ला 3, 50 ते 64 ला 4, 65 ते 75 ला 5, त्यावर 6. पहिले दोन महिने फोर एफडीसी, पुढचे चार महिने थ्री एफडीसी. पट्टीत 28 गोळ्या असतात, म्हणजे 38 किलोच्या माणसाला 28 दिवसांना 3 पट्ट्या, हे हिशोबाला सोपं. लहान मुलांच्या गोळ्या वेगळ्या असतात. मोठ्यांची गोळी मोडून देऊ नका.

आता दारू. 'गोळ्यांवर दारू चालत नाही' हे आपण इतकं ठासून सांगतो की रुग्ण गोळ्याच सोडतो. भोंगऱ्या (होळीआधीचा आदिवासी बाजार-सण) आला, लग्न आलं, महूची घेतली, मग त्या दिवशी गोळी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. सांगायचं उलट: 'दारू कमी कर, सोडलीस तर फारच चांगलं, पण पिलास त्या दिवशीही गोळी चुकवू नको.' लिव्हरची तपासणी करा आणि रिपोर्ट ठीक असेल तर सुरू करा. पहिले दोन महिने दर आठवड्याला डोळे, भूक, उलटी विचारा. भूक मेली, लघवी चहासारखी गडद झाली, डोळे पिवळे झाले, तर गोळ्या थांबवून त्याच दिवशी दाखवायला आणा. नुसती केशरी-लाल लघवी रिफॅम्पिसिनची असते. ते पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, नाहीतर माणूस रक्त समजून घाबरतो आणि पट्टी फेकतो.

गोळ्या लवकर देण्याइतकंच महत्त्वाचं आहे कोणाला घरी ठेवायचं नाही ते ओळखणं. पाच गोष्टी बघा, दहा मिनिटं लागतात: वजन-उंचीवरून बीएमआय, पायावर सूज, मिनिटाला श्वास, बोटावरचं ऑक्सिजन, आणि आधाराशिवाय उभं राहता येतं का. बीएमआय 14 किंवा त्याखाली, किंवा 16 पर्यंत असून पायाला सूज, श्वास 24 च्या वर, ऑक्सिजन 94 च्या खाली, उभं राहता येत नाही, यातलं एकही असेल तर रुग्ण भरती करण्याच्या लायनीत धरा. तामिळनाडूने 2022 पासून हीच पाच लक्षणं घेऊन राज्यभर काम केलं आहे. श्वास घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजा, अंदाजाने 'बरा दिसतो' लिहू नका. सुरुवातीच्या दिवसांत दगावणारे बरेच जण गोळ्या चुकवल्यामुळे जात नाहीत. ते गोळ्या सुरू होतानाच फार खालावलेले असतात.

रिफ प्रतिकार निघाला तर मात्र एफडीसी देऊ नका. त्याच दिवशी जिल्हा क्षयरोग केंद्राला फोन करा. ईसीजी, सीबीसी, लिव्हर, किडनी, इलेक्ट्रोलाइट, बायकांना गरोदरपणाची तपासणी, हे तालुक्याला जमेल तेवढं करूनच वर पाठवा, म्हणजे तिकडे चार खेपा पडत नाहीत. बीपीएएलएम ही सहा महिन्यांची उपचारपद्धत आपल्याकडे 2024 मध्ये मंजूर झाली. ती 14 वर्षं आणि त्यावरच्यांना, गरोदर नसतील तर. पूर्वीच्या दीड-दोन वर्षांच्या उपचाराला घाबरून पळणाऱ्या माणसाला हे आवर्जून सांगा.

प्रश्नकर्त्याची पुढची विचारणा – सीएचओ_अक्राणी

एमओ साहेब, खूप उपयोगी. दारूचं तर उद्यापासूनच बदलते. दोन गोष्टी राहिल्या. दिवाळीनंतर अर्धा पाडा गुजरातला ऊसतोडीला जातो, त्यातला कोणी पॉझिटिव्ह आला तर? आणि जे धुळे, शहादा किंवा सुरतेला खासगीत एक्स-रे काढून गोळ्या आणतात, ते तर आमच्या यादीतच येत नाहीत.

उत्तर – पडाव_नवापूर

ताई, ऊसतोडीवाल्यांचं काम दिवाळीच्या आधी करायचं असतं. उचल (आगाऊ मजुरी) घेतलेल्या कुटुंबांची यादी मुकादमाकडे असते. खोकणाऱ्यांचे बेडके निघायच्या पंधरा दिवस आधी घेतले तर निकाल आणि पहिला महिना इथेच होतो.

निकाल आला आणि माणूस निघून गेलेला असेल तर घरच्यांना तीन प्रश्न विचारा: मुकादम कोण, कारखाना कोणता, पडाव (तोडकऱ्यांची वस्ती) कोणत्या गावाला. मग निक्षयवर ट्रान्सफर करा आणि तिथल्या एसटीएसला स्वतः फोन करा. नुसतं बटण दाबून उपयोग नाही. पलीकडून स्वीकारलं नाही तर रुग्ण मधेच लटकतो, आपल्याकडेही नाही आणि त्यांच्याकडेही नाही. तो तिकडे दिसेपर्यंत आपल्या वहीतून नाव काटायचं नाही. निक्षय आयडी संपूर्ण देशात एकच आहे आणि गोळ्याही त्याच आहेत, हे रुग्णाला माहीत नसतं. त्याला वाटतं, धडगावची औषधं गुजरातेत बारडोलीला मिळणार नाहीत. आयडी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून द्या. तिकडे तो दुसरं सिम घालतो, म्हणून कोयत्यातल्या (तोडीच्या जोडीतल्या) जोडीदाराचा नंबर घ्या.

गोळ्या घेऊन निघणाऱ्याला महिन्याच्या पट्ट्या द्या आणि वेळ ठरवून द्या. तोड पहाटे चारलाही सुरू होते. 'सकाळी उपाशीपोटी' हे वाक्य त्याच्या दिवसात बसत नाही. उपाशीपोटी घेतल्या तर चांगलंच, पण मळमळीमुळे गोळी सुटत असेल तर थोडी भाकर खाऊन घेतलेली बरी. रात्री जेवणानंतर दोन तासांनी घेतली तरी चालते, वेळ रोज तीच ठेवायची. होळीला, भोंगऱ्याला तो परत येतोच. तो दिवस वहीत लिहून ठेवा.

उत्तर – फार्मसी_जळगाव

खासगीबद्दल. टीबीची औषधं शेड्यूल एच-वन मध्ये (विक्रीची वेगळी नोंद ठेवायच्या औषधांच्या यादीत) आहेत, 2014 पासून. मेडिकलवाल्याने रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव, औषध आणि किती दिलं हे वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायचं आणि ते तीन वर्षं जपायचं असतं. तुमच्या एसटीएसनी तालुक्यातल्या मेडिकलांची ही रजिस्टरं महिन्यातून एकदा पाहिली तर तुमच्या यादीबाहेरचे पुष्कळ जण सापडतात. खासगी डॉक्टरने कळवणं 2012 पासून सक्तीचं आहे आणि त्याला कळवल्याचे 500 रुपये, उपचाराचा निकाल कळवला की आणखी 500 मिळतात. डॉक्टरांना हे शांतपणे सांगा. आपला रुग्ण सरकारीत ओढला जाईल ही त्यांची भीती असते. तसं करावं लागत नाही. रुग्ण त्यांच्याकडेच राहू दे, सरकारी एफडीसी त्याला फुकट मिळू शकतात. सुट्या गोळ्या विकत घेणारा दुसऱ्या महिन्यात पैसे संपले की थांबतो, तेवढी गळती यातून वाचते.

आणखी एक. खोकल्याला लिव्होफ्लॉक्सासिनसारखी औषधं देऊन आठ दिवस बरं वाटतं, मग खोकला परततो. असा रुग्ण आला की त्याला आधी बेडक्याला पाठवा.

उत्तर – एसटीएस_तापीकाठ

पैशाचं कोणी लिहिलं नाही म्हणून. निक्षय पोषण योजनेचे महिन्याला 1000 रुपये आहेत, 1 नोव्हेंबर 2024 पासून. आधी 500 होते. पहिले 3000 निदान झाल्यावर आगाऊ, दुसरे 3000 उपचाराचे 84 दिवस झाल्यावर. तुमचा भाग आदिवासी क्षेत्रात येतो, म्हणून प्रवासासाठी 750 रुपये एकदा वेगळे. पहिल्या भेटीतच पासबुकाचा फोटो घ्या. बंद पडलेलं खातं आणि आधार-पासबुकावरच्या नावातला फरक, या दोनच कारणांनी बरेच पैसे अडकतात. स्वतःचं खातं नसेल तर घरच्या माणसाचं चालतं. पण खातं मिळेपर्यंत गोळ्या थांबवल्या असं कुठेही होऊ देऊ नका. बँकेचा कागद महिन्याने आला तरी चालतो.

आणि पहिल्या भेटीला गेलात की घरातल्या सगळ्यांना बाहेर अंगणात बसवून खोकला, ताप, वजन विचारा. पाच वर्षांखालचं मूल असेल तर त्याला डॉक्टरांनी तपासल्याशिवाय परतू नका. टीबी नसेल तर प्रतिबंधक गोळ्या, असेल तर उपचार, दोन्ही त्याच आठवड्यात.